हातानें घडविलेला सायकलचा सांगाडा

शाळेच्या आवारांत सकाळीं सायकलींची रांग लागते. प्रत्येकाचें लक्ष आपापल्या सायकलच्या रंगाकडे, घंटेकडे, फार तर टायरांतील हवेकडे असतें. ज्याच्या आधारावर चाकें, साखळी, खोगीर आणि स्वतः बसणारा मनुष्य हीं सर्व तोललेलीं असतात, त्या पोलादी सांगाड्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. चांगल्या सांगाड्याचें लक्षणच असें आहे कीं, तो आपली आठवण करून देत नाहीं. या सांगाड्याविषयीं, आणि विशेषतः तो एकेक करून हातानें घडविणाऱ्या स्वतंत्र कारागिरांविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. असे कारागीर इंग्लंड, इटली, जपान, अमेरिका इत्यादि देशांत आजही आहेत. कारखान्यांतून लक्षावधि सायकली बाहेर पडत असतां हे लोक एका वेळीं एकच सांगाडा कां घडवितात? त्यांच्या श्रमाला कांहीं अर्थ आहे, कीं हा निव्वळ छंद आहे? त्यास अर्थ आहे, आणि तो मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्यासारखा आहे, असें माझें मत आहे.

प्रथम थोडा इतिहास. पुढचें चाक पुरुषभर उंच व मागचें अगदीं लहान, अशा जुन्या सायकलीवरून पडणें म्हणजे जिवावरचें संकट असे. इ. स. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यांनीं ‘रोव्हर’ नांवाची सायकल पुढें आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळ जवळ सारख्या उंचीचीं होतीं, व पायांचा जोर साखळीच्या द्वारें मागच्या चाकास मिळे. १८८८ मध्यें जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. पुढें थोड्याच वर्षांत दोन त्रिकोण पाठीस पाठ लावून जोडावे तसा सांगाडा सर्वत्र रूढ झाला, व तोच आजतागायत टिकून आहे. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली म्हणजे त्याचा आकार बदलूं शकत नाहीं, हें तुम्ही भूमितींत शिकलां आहां. तें सूत्र येथें रोज रस्त्यावर धांवत असतें. काटेकोरपणें पाहिल्यास पुढचा त्रिकोण हा चौकोनच आहे, कारण हॅंडलाखालची आखूड नळी ही त्याची चौथी बाजू होय. आणि म्हणूनच तेथील सांधे विशेष बळकट असावे लागतात.

नळीच्या जाडीचा प्रश्न याहून बिकट होता. नळी पातळ घ्यावी तर ती सांध्याशीं मोडते. जाड घ्यावी तर सायकल जड होते. १८९७ मध्यें बर्मिंगहॅम येथील खिळे करणाऱ्या एका घराण्यांतील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह यावर तोड काढली. बाहेरून सर्वत्र सारखी दिसणारी, पण आंतून टोंकांशीं जाड व मध्यें पातळ, अशा नळीचें पेटंट त्यांनीं घेतलें. अशी नळी टोंकाशीं ०.९ मिलिमीटर जाड असली तर मध्यें ०.६ मिलिमीटरच असूं शकते. जेथें ताण पडतो तेथें धातु ठेवावयाचा, जेथें पडत नाहीं तेथून काढून घ्यावयाचा, हें त्यांतील तत्त्व होय. त्याच कारखान्यानें १९३५ मध्यें ‘५३१’ नांवाची मॅंगेनीज व मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाची नळी काढली, व पुढें कित्येक दशकें उत्तम सायकलीची ओळख म्हणजे सांगाड्यावर चिकटविलेला तो आंकडा, असें समीकरण होऊन बसलें.

आतां हातानें घडविण्याचें काम कसें चालतें तें पाहूं. गिऱ्हाईक दारांत आलें म्हणजे कारागीर प्रथम हत्याराला हात लावीत नाहीं. तो माप घेतो व प्रश्न विचारतो. पायांची लांबी किती, धड किती, हात किती? पाठीचें दुखणें आहे काय? सायकलीवर ओझें न्यावयाचें आहे काय? रोजचा रस्ता डांबरी कीं खडीचा? शिंपी अंगरख्याचें माप घेतो तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, शिंप्यापुढें मनुष्य उभा असतो, आणि याला मात्र तो मनुष्य चढणीवर वांकून पाय मारीत असतां कसा बसेल याची कल्पना करावी लागते. त्यावरून तो रेखाचित्र काढतो. खोगिराखालची व हॅंडलाखालची नळी जमिनीशीं साधारणतः ७२ ते ७४ अंशांचा कोन करते. या एक-दोन अंशांत सायकलचा स्वभाव सामावलेला असतो. एक सायकल आपण होऊन सरळ चालूं पाहते, तर दुसरी नुसत्या इशाऱ्यानें वळते; तें अंतर या कोनाचें व पुढच्या चिमट्याच्या वांकाचें आहे.

मग नळ्या कापणें. एक नळी दुसरीच्या गोल अंगाला जेथें टेकते, तेथें तिचें टोंक सपाट असून चालत नाहीं. तें माशाच्या उघड्या तोंडासारखें वक्र कापावें लागतें. करवतीनें वा यंत्रानें तें स्थूलपणें कापतात व मग कानशीनें घासून बसवितात. दोन नळ्या एकमेकींस लावून उजेडापुढें धरतात. मधून प्रकाशाची रेषा दिसली तर पुन्हा कानस चालवावयाची. कित्येक कारागीर सांध्यावर एक पोलादी बाही बसवितात. तिला या धंद्यांत ‘लग’ म्हणतात. आपल्याकडील नेहमींच्या काळ्या सायकलीच्या सांध्यांवर बोट फिरवून पाहा, म्हणजे या बाहीची कड हातास लागेल.

यानंतर अग्नीचें काम येतें. सांध्याला टांकणखारासारखें द्रव्य लावून त्यावर ज्योत धरतात, म्हणजे तापलेल्या पोलादावर गंज चढत नाहीं. पितळेचा डाख सुमारें ९०० अंश सेल्सिअसला वितळतो. चांदीच्या मिश्रणाचा डाख त्याहून बऱ्याच कमी उष्णतेंत, म्हणजे साधारण ६५० अंशांच्या आसपास, वितळतो. पोलाद स्वतः वितळत नाहीं. तें फक्त लाल होतें. नळी व बाही यांमधील फट कागदाएवढी बारीक, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास असते. दिव्याची वात जशी तेल वर ओढून घेते, तशी ही फट वितळलेला डाख आंत ओढून घेते. ज्योत कमी पडली तर डाख कांठावरच थबकतो. अधिक झाली तर पातळ नळी करपून दुबळी होते. येथें घड्याळ उपयोगी पडत नाहीं. धातूचा रंग पाहून हात मागें घ्यावयाचा कीं पुढें न्यावयाचा, हें डोळ्यांनींच ठरवावें लागतें, आणि तो डोळा शेंकडों सांधे केल्यावांचून येत नाहीं. सांगाडा निवल्यावर सपाट पोलादी पाटावर ठेवून त्याची सरळता तपासतात, कारण दोन्ही चाकें एकाच पातळींत धांवलीं पाहिजेत.

या सर्व कामाचा जो मर्मभाग आहे, तो आतां सांगतों. सांगाड्याला रंग चढला म्हणजे वर वर्णिलेल्या कामापैकीं जवळ जवळ कांहींच दृष्टीस पडत नाहीं. नळीचें टोंक बरोबर बसलें होतें कीं फट डाखानें भरून काढली होती, डाख बाहीच्या आंत शेवटपर्यंत गेला कीं कांठाशींच राहिला, नळी करपली कीं वांचली, यांतील एकही गोष्ट गिऱ्हाइकाला कळावयाची नाहीं. त्यास दिसतो तो चकचकीत रंग. वाईट सांधा एक वर्ष टिकेल, पांच वर्षेंही टिकेल. आणि मग एखाद्या उतारावर, भर वेगांत, तो दगा देईल. सांध्याच्या आंत काय आहे हें जाणणारा पृथ्वीवर एकच मनुष्य असतो, तो म्हणजे ज्यानें तो सांधा केला तो. तथापि त्या नळीवर त्याचें स्वतःचें नांव रंगविलेलें असतें, आणि वर बसणाऱ्या मनुष्याचा चेहरा त्यानें पाहिलेला असतो. हातकामाची खरी थोरवी मला येथें दिसते. केवळ हातानें केलें म्हणून काम चांगलें होत नाहीं. हातानें वाईट कामही पुष्कळ होतें. परंतु करणारा एक, वापरणारा एक, आणि दोघे एकमेकांस ओळखतात, अशा ठिकाणीं जबाबदारीला लपावयास जागा उरत नाहीं.

कारखान्याची निंदा करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. तेथील विद्यार्थी, कामगार, शिक्षक ज्या सायकलींवरून गेले, त्या कारखान्यांतल्याच होत्या. लुधियानासारख्या ठिकाणीं सायकली ढिगानें तयार झाल्या नसत्या, तर गरिबाच्या घरीं सायकल आली नसती, हें निर्विवाद आहे. इतकेंच नव्हे, तर आज शर्यतींत धांवणाऱ्या सायकलींचे सांगाडे बहुतेक कार्बनच्या तंतूंचे असतात. ते पोलादाहून हलके असतात. हातानें घडविलेला पोलादी सांगाडा जगांत सर्वांत वेगवान आहे असें म्हणणारा मनुष्य आपली दिशाभूल करतो. मग त्याचा उपयोग कोणता? एक तर पोलाद दुरुस्त होतें. वांकलेली नळी काढून त्या जागीं दुसरी घालतां येते, व सांगाडा आणखी कित्येक वर्षें चालतो. दुसरें असें कीं, कारखाना सरासरी मनुष्यासाठीं सायकल करतो, आणि सरासरी मनुष्य हा कोष्टकांत असतो, रस्त्यावर नसतो.

याचें एक उदाहरण मुलींनीं विशेष ध्यानांत ठेवावें. ठेंगण्या मनुष्यासाठीं कारखाने तोच सांगाडा थोडा आखूड करीत व चाकें तेवढींच ठेवीत. त्यामुळें वळतांना पायाचा चवडा पुढच्या चाकास लागे, आणि हॅंडल दूर पडल्यामुळें मान व खांदे दुखत. ही अडचण ठेंगण्या पुरुषांस होती तशी असंख्य स्त्रियांस होती. परंतु ती सायकलची चूक आहे असें न मानतां शरीराचाच दोष आहे असें मानलें जाई. अमेरिकेंतील जॉर्जिना टेरी या यंत्रशास्त्र शिकलेल्या बाईंनीं आपल्या घरींच सांगाडे घडवून पाहिले. पुढचें चाक मागच्याहून लहान घेऊन त्यांनीं सर्व प्रमाणें नव्यानें बसविलीं, आणि १९८५ मध्यें स्त्रियांच्या सायकलींचा स्वतःचा धंदा सुरू केला. मोठ्या कारखान्यांस जें दिसलें नाहीं, तें एका लहान कारागिरास दिसलें. कारण तिनें कोष्टक न पाहतां माणूस पाहिला.

लहान कार्यशाळेंतून केवढें मोठें काम होऊं शकतें याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे राइट बंधूंचा. विमानाचे जनक म्हणून त्यांचें नांव तुम्ही वाचलें आहे. पण ते धंद्यानें सायकलवाले होते हें पुष्कळांस ठाऊक नसतें. विल्बर व ऑर्व्हिल यांनीं १८९२ मध्यें अमेरिकेंतील डेटन या गांवीं सायकलींचें दुकान घातलें, व १८९६ पासून ते स्वतः सायकली घडवूं लागले. त्यांतील एका जातीचें नांव ‘व्हॅन क्लीव्ह’ असें होतें. त्या काळीं मोठमोठे कारखाने सायकलींचा पूर आणीत होते, तरीही या दोघांनीं थोड्या पण काळजीपूर्वक केलेल्या सायकली विकून पोट भरलें, आणि त्याच पैशांवर उड्डाणाचे प्रयोग केले. १९०१ मध्यें त्यांनीं दुकानांतच वाऱ्याची पेटी तयार करून सुमारें दोनशें प्रकारचे लहान पंख तपासले. त्यांच्या यंत्राचें एंजिन त्यांच्याच दुकानांतील कारागीर चार्ली टेलर यानें सहा आठवड्यांत केलें. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथें जें विमान १२ सेकंद उडालें, त्याचे पंखे सायकलप्रमाणें साखळ्यांनींच फिरत होते. प्रत्येक सायकलवाला विमान काढील असें नाहीं. परंतु अचूक मापण्याची, हलकें पण बळकट करण्याची आणि स्वतःचें काम स्वतः तपासण्याची जी संवय त्यांस दुकानांत लागली, ती आकाशांतही उपयोगी पडली.

दुसरा दाखला गुरुशिष्यपरंपरेचा आहे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं बेल्जमचा एडी मर्क्स यानें मेक्सिको शहरीं एका तासांत ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. ती पोलादी सांगाड्याची सायकल इटलींतील एर्नेस्तो कोल्नागो यांनीं खास त्याच्याकरितां घडविली होती, व तिचें एकंदर वजन सहा किलोहूनही कमी होतें. साधारण त्याच काळांत योशिआकी नागासावा नांवाचा एक जपानी तरुण इटलींत गेला, आणि पोलियागी व दे रोझा या नामांकित कारागिरांच्या हाताखालीं त्यानें उमेदवारी केली. १९७६ मध्यें मायदेशीं परतून त्यानें स्वतःचें दुकान मांडलें. जपानी वेगवीर कोइची नाकानो हा १९७७ ते १९८६ अशीं लागोपाठ दहा वर्षें जगज्जेता ठरला. तो नागासावाच्या हातच्या सायकलींवर धांवत असे. विद्या इटलींतून जपानांत गेली ती पुस्तकांतून गेली नाहीं. गुरूच्या शेजारीं उभें राहून, झाडलोट करून, शेंकडों नळ्या कानशीनें घासून ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली.

मात्र या धंद्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. यांत पैसा फार नाहीं. एका सांगाड्यास कित्येक दिवसांचें काम लागतें. नळ्या, डाख, गॅस, जागेचें भाडें व रंग यांचा खर्च वजा जातां हातीं थोडें उरतें. म्हणून पुष्कळ कारागीर दुसरी नोकरी सांभाळून हें काम करतात, आणि कित्येकांनीं दुकानें बंद केलीं आहेत. मोजक्या नामांकितांकडे गिऱ्हाइकांस वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. नवख्याला स्वतःच गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. धूर व धूळ यांपासून जपावें लागतें. डाखाच्या कांहीं जुन्या प्रकारांत कॅडमियम नांवाचा धातु असे, व त्याची वाफ प्राणघातक आहे. परदेशांत हें काम शिकविणारे आठ-पंधरा दिवसांचे वर्ग भरतात. तेवढ्या अवधींत विद्यार्थ्याच्या हातून एक सांगाडा तयार होतो. पण कारागीर तयार होत नाहीं. त्यास वर्षें लागतात.

तेव्हां प्रत्येकानें सायकलचे सांगाडे घडवावे असें माझें म्हणणें नाहीं. पालकांस मात्र एक विनंती आहे. आपल्याकडे हुशार मुलगा पुस्तकाकडे व मागें पडलेला मुलगा कार्यशाळेकडे, अशी वांटणी नकळत होऊन बसली आहे. वर जें काम वर्णिलें त्यांत भूमिति आहे, धातुविद्या आहे, शरीरशास्त्र आहे, आणि त्याहून दुर्मिळ असा संयम आहे. हें मागें पडलेल्या बुद्धीचें काम खचित नव्हे. आपला मुलगा किंवा मुलगी कानस, करवत, पट्टी घेऊन तासचे तास रमत असेल, तर त्यांत अपयशाची चिन्हें शोधूं नयेत. त्याला गणित अधिक चांगलें शिकवावें, चित्रकला शिकवावी, आणि ज्याच्याजवळ खरी विद्या आहे अशा कारागिराच्या शेजारीं कांहीं दिवस उभें राहूं द्यावें. पुढें तो अभियंता होवो, शल्यवैद्य होवो वा सुतार होवो, तो हात व तो डोळा फुकट जाणार नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतों. तुमच्याही कामांत रंगाखालीं झांकलेले सांधे असतात. गणिताचें उत्तर मागच्या पानावरून उतरलें कीं स्वतः काढलें, प्रयोगाच्या वहींतील आंकडे मोजून लिहिले कीं शेजाऱ्याचे पाहून, हें गुरुजींस नेहमींच कळेल असें नाहीं. गुण मिळतील, रंग चकाकेल, वर्षही पार पडेल. परंतु आंत डाख गेला आहे कीं नाहीं, हें तुम्हांला ठाऊक असेल. आणि जीवनाच्या उतारावर भर वेगांत भार यावयाचा तो त्याच सांध्यावर. आज संध्याकाळीं घरीं जातांना आपल्या सायकलच्या सांध्यांकडे एकदां थांबून पाहा. तो सांधा कोणी केला हें तुम्हांला ठाऊक नाहीं. तरीही रोज तुम्ही त्यावर आपला जीव विश्वासानें सोंपवितां. तितक्याच विश्वासानें लोकांनीं आपल्या कामावर भार टाकावा, असें काम करावयास आपण शिकलों, तर शाळेंत घालविलेलीं वर्षें सार्थकीं लागलीं असें म्हणतां येईल.